शोरूमची पायरी चढण्यापूर्वी

एके काळी मोटारगाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी रीत होती. फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर याच गाड्या प्रामुख्याने रस्त्यावर दिसत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ साली मोटार उद्योगावरील परवाना पद्धत उठली आणि चित्र पालटले. आज शोरूमवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. दारात पाऊल पडताच खुर्ची मिळते, सरबत मिळते, आणि अर्ध्या तासात सेल्समन आपल्यापुढे महिन्याच्या हप्त्याचा आकडा लिहिलेला कागद सरकवतो.

या पाहुणचारात गैर काही नाही. विकणाऱ्याचे ते कामच आहे, आणि आपणही दुकानात गिऱ्हाइकाशी असेच वागतो. प्रश्न एवढाच की, विकणारा रोज दहा गाड्यांचा सौदा करतो आणि घेणारा दहा वर्षांत एखादा. म्हणून घेणाऱ्याची तयारी घरातून व्हावी लागते.

आपल्या वाचकांत भिवंडी-मालेगावचे यंत्रमागवाले आहेत, मिरजेचे तंतुवाद्य कारागीर आहेत, बेकरीवाले, फर्निचरवाले, फळांचे आडतदार आहेत. यांतल्या बहुतेकांच्या हाती असलेला पैसा शिलकीचा नसतो, धंद्यात फिरणारा असतो. नोकरदाराचा गाडीचा हिशेब चुकला तर त्याची बचत कमी होते. कारागिराचा चुकला तर कच्चा माल घ्यायला पैसा उरत नाही. गाडी दारात आणि कारखाना बंद, अशी वेळ कोणावर येऊ नये, यासाठी शोरूमला जाण्यापूर्वी कोणते हिशेब मांडावेत ते आम्ही येथे देत आहोत.

गाडी माणसांसाठी की मालासाठी?

पहिला प्रश्न गाडी कोणती हा नसून, गाडी कोणत्या कामासाठी हा आहे. पुष्कळ व्यापारी एकच गाडी घेतात. सकाळी तिच्यातून माल न्यायचा आणि सायंकाळी कुटुंबाला फिरवायचे, असा त्यांचा विचार असतो. येथे तीन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

पहिली विम्याची. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत मालाची वाहतूक बसत नाही. नमुने आणि स्वतःचे सामान नेता येते. मागची सीट पाडून रोज कापडाचे तागे किंवा पावाच्या पेट्या न्यायच्या असतील, तर अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. भाड्याने प्रवासी नेण्याचेही तसेच आहे. पॉलिसीवर ‘वापराची मर्यादा’ या अर्थाचे कलम छापलेले असते, ते वाचावे.

दुसरी जीएसटीची. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. मोटारी विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांना त्यातून सूट आहे. माल वाहणाऱ्या टेम्पो-पिकअपवर मात्र नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला क्रेडिट घेता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील छोट्या मोटारींवरचा कर १८ टक्के झाला. पेट्रोल-सीएनजीला १२०० सीसीची आणि डिझेलला १५०० सीसीची मर्यादा आहे. मालवाहू गाड्यांवरचा करही १८ टक्क्यांवर आला. मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के कर आहे. आता हिशेब पाहा. करासह सात लाखांच्या गाडीत १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे १ लाख ७ हजार रुपये जीएसटीचे असतात. छोटी मोटार घेतली तर ही रक्कम गेली. तेवढ्याच किमतीची पिकअप घेतली तर ती क्रेडिट म्हणून परत धंद्यात येते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र हा लाभ नाही. आणि ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्यावर आयकरात घसारा मागता येत नाही.

तिसरी गोष्ट चालवण्याची. मालवाहू गाडीला पिवळी पाटी येते आणि फिटनेसचे प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. मात्र भरलेल्या मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम ठेवले. म्हणजे छोटी पिकअप ठेवणे वाटते तेवढे जिकिरीचे नाही.

मिरजेच्या एखाद्या सतारीच्या कारागिराचे उदाहरण घेऊ. महिन्यातून दोनदा पुण्या-मुंबईला चार-पाच वाद्ये पोचवायची असतील, तर उघडी पिकअप त्याच्या उपयोगाची नाही. ऊन आणि धक्के भोपळ्याला सोसत नाहीत. त्याला बंद गाडी भाड्याने घेणे परवडते का, हे आधी पाहावे. याउलट रोज पहाटे पाच वस्त्यांना पाव टाकणाऱ्या बेकरीवाल्याला स्वतःची मालगाडीच हवी. एकाला शोभणारी गाडी दुसऱ्याला ओझे होते.

गाडी दारात आल्यावरचा खर्च

किंमत सगळेच विचारतात, महिन्याचा खर्च फार थोडे मांडतात. घरी वही घेऊन बसावे आणि पुढीलप्रमाणे आकडे लिहावेत. आम्ही ठोकळमानाने एक नमुना देतो, आपापले आकडे ज्याने त्याने घालावेत.

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणे, लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर इंधनाचे ६,५०० रुपये होतात. विम्याचे वर्षाला २४,००० धरले तर महिन्याला २,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांसाठी १,५००. टोल आणि पार्किंगसाठी आणखी १,५००. हे झाले ११,५०० रुपये. त्यात कर्जाचा हप्ता साडेबारा हजारांचा असेल, तर महिन्याचे २४,००० रुपये गाडीचे झाले. ड्रायव्हर ठेवायचा असेल तर त्याचा पगार वेगळा.

शिवाय गाडीची किंमत उतरत जाते. विम्याच्या तक्त्यातच पाहा. नवी गाडी शोरूमच्या किमतीच्या ९५ टक्के धरतात. एक वर्षानंतर त्यातून २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के, तीन वर्षांनंतर ४० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के वजा करतात. सात लाखांची गाडी पाचव्या वर्षी साडेतीन लाखांची राहते. माल गोदामात पडून राहिला तर आपण हळहळतो. गाडी ही तर पडून नसतानाही उतरणारी वस्तू आहे.

हा एकूण आकडा आजच्या रिक्षा-टेम्पोच्या भाड्याशी ताडून पाहावा. गाडीमुळे खरोखर जादा ऑर्डर मिळणार असतील तर त्या किती, तेही लिहावे. आणि एक गोष्ट विसरू नये. व्यापाऱ्याची आवक बारा महिने सारखी नसते. यंत्रमागाला मंदी येते, फर्निचरला पावसाळा सुना जातो. हप्ता आणि खर्च हे सर्वांत वाईट महिन्याच्या कमाईतून निघतील का, हे पाहावे. ईदच्या महिन्याचा गल्ला पाहून वर्षाचा हप्ता ठरवू नये.

पैसा कोठून आणि कसा

आपल्या वाचकांपैकी अनेकजण व्याजाचा व्यवहार टाळतात. त्यातील मसला विचारायचा तो आलिमांना. आम्ही येथे फक्त हिशेब मांडतो, कारण तो दोन्ही प्रकारच्या खरेदीदारांना उपयोगी आहे.

समजा सर्व खर्च धरून गाडी ८ लाख १५ हजारांना पडते. जवळ २ लाख १५ हजार आहेत आणि ६ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढले. उतरत्या शिलकेवर व्याज असेल तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याजाचे १ लाख ४७ हजार जातात. तेच ९ टक्के ‘फ्लॅट’ असतील, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर धरले असेल, तर हप्ता १४,५०० होतो आणि व्याज २ लाख ७० हजार. टक्का एकच, पण फरक सव्वा लाखाचा. ‘आमच्याकडे फक्त ५ टक्के’ असे कोणी म्हटले तर ते फ्लॅट आहेत का, हे विचारावे. पाच वर्षांचे ५ टक्के फ्लॅट म्हणजे उतरत्या शिलकेवरील ९ टक्क्यांहून थोडे अधिकच असतात.

हप्ता जड वाटतो म्हटले की मुदत वाढवून दिली जाते. हेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता ९,६५३ वर येतो, पण व्याज २ लाख ११ हजारांवर जाते. हप्त्याचा लहान आकडा दाखवणे ही जुनी रीत आहे. म्हणून हप्ता नव्हे, तर अखेरपर्यंत एकूण किती भरावे लागेल, ते विचारावे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँका आणि वित्त कंपन्यांना अशा कर्जाबरोबर मुख्य अटींचे एक पत्रक द्यावे लागते. व्याज आणि सर्व फी मिळून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, हे त्यात लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते पत्रक मागून घ्यावे. मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर किती दंड, हेही त्यात पाहावे. ‘शून्य टक्के’ योजनेत व्याज दिसत नाही, पण रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट त्यात मिळत नाही किंवा फी जादा लागते. व्याज वेगळ्या नावाने गेले, एवढेच.

जे व्याज टाळतात त्यांच्यासाठी बँकेने स्वतः गाडी घेऊन ठरावीक नफ्याने विकण्याची, म्हणजे मुराबहाची, सोय आपल्याकडच्या बँकांत नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचे २०१७ साली स्पष्ट झाले. अशांनी उलटा हिशेब मांडावा. वरील उदाहरणातला १२,४५५ रुपयांचा हप्ता बँकेला देण्याऐवजी दरमहा बाजूला टाकला, तर चार वर्षांत ५ लाख ९८ हजार जमतात. जवळचे २ लाख १५ हजार मिळवले की आजच्या किमतीची गाडी चार वर्षांत रोखीने होते. कर्जदार पाचव्या वर्षीही हप्तेच भरत असतो. दरम्यान किमती वाढतील आणि भाड्याचा खर्च चालू राहील, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे एक पायरी खालचे मॉडेल किंवा चांगली जुनी गाडी. शिवाय दरमहा रक्कम बाजूला टाकून पाहिल्याने धंद्याला एवढा भार झेपतो की नाही, हे गाडी घेण्याआधीच कळते. कर्ज काढणाऱ्यानेही सहा महिने हा प्रयोग करून पाहावा, असे आम्ही सुचवतो.

रोखीने घ्यायची म्हणजे नोटांची पिशवी घेऊन जायचे असे नव्हे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. रक्कम तुकडे करून दिली तरी सुटका नाही. चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट भरणा करावा. गाडीची किंमत १० लाखांवर असेल तर शोरूमवाला १ टक्का आयकर गोळा करतो. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पुष्कळ व्यापारी तो विसरून जातात.

कोटेशनची एकेक ओळ

कंपनीच्या जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. हातात पडते ती ऑन-रोड. या दोहोंमध्ये एक-सव्वा लाखाचे अंतर सहज असते, आणि खरी घासाघीस याच अंतरात होते. म्हणून कोटेशन एकरकमी आकड्याचे न घेता ओळीओळीने लिहून घ्यावे.

रस्ता कर : महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के, डिझेलवर १३, १४ आणि १५ टक्के असे दर २०२५ साली होते. जुलै २०२५ पासून सीएनजी-एलपीजी मोटारींच्या करात एका टक्क्याची वाढ झाली आणि ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर लागू झाला. कंपनीच्या नावावर मोटार घेतली तर कर २० टक्के पडतो. तेव्हा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर गाडी स्वतःच्या नावावर घेणे सोयीचे. कंपनी असेल तर आधी हिशेबनिसाला विचारावे.

नोंदणी : सात लाखांच्या पेट्रोल मोटारीला कर सुमारे ७७,००० होतो. त्याशिवाय नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० अशी आहे. ‘आरटीओ खर्च’ म्हणून याहून बरेच हजार लावले असतील तर ते कशाचे, हे विचारावे. एप्रिल २०१९ पासून सुरक्षित नंबर पाटी नव्या गाडीबरोबर कंपनीनेच द्यायची आहे. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाची कोणतीही सरकारी फी नाही. ती काढून टाकण्यास सांगावे.

विमा : शोरूमचाच विमा घ्यावा असे कायद्याचे बंधन नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सगळीकडे सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचा असतो, आणि त्यात मात्र कंपन्या-कंपन्यांत मोठा फरक पडतो. बाहेरच्या एजंटाकडून दोन दर आणून शोरूमपुढे ठेवावेत. बहुधा शोरूमचा दर तेथल्या तेथे उतरतो. जुन्या गाडीवर दावा केलेला नसेल तर नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, तो नव्या गाडीच्या विम्यात वळवून घ्यावा. १५ लाखांचा मालकाचा अपघात विमा दुसऱ्या गाडीवर आधीच असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

जादा वस्तू : सीट कव्हर, पॉलिश, कोटिंग, संगीताची साधने यांत शोरूमचा नफा मोठा असतो. नको असेल ते स्वच्छ नको म्हणावे. वाढीव वॉरंटी विचार करून घ्यावी. पहिली वॉरंटी संपण्यापूर्वी कधीपर्यंत घेता येते, ते लिहून मागावे.

कागद आधी, सौदा नंतर

पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, असल्यास जीएसटीचे प्रमाणपत्र, एवढे एका फाइलमध्ये लावून ठेवावे. वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन कंपनीकडून स्वतःचा पत-अहवाल मोफत मिळतो. तो आधी पाहावा. जुने फिटलेले कर्ज त्यात चालू दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

आपल्याकडे नेहमी अडणारी बाब म्हणजे नाव. पॅनवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, बँकेत ‘मुहम्मद’. एकीकडे ‘शेख’ आधी, दुसरीकडे शेवटी. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळे. कर्ज, नोंदणी आणि पुढे विम्याचा दावा या तिन्ही ठिकाणी हा घोळ उभा राहतो. गाडीचा विचार मनात आला त्याच दिवशी सर्व कागद शेजारी ठेवून स्पेलिंग तपासावे आणि वेगळे असेल ते दुरुस्तीला द्यावे. नोंदणीचा अर्ज भरताना नाव आणि पत्ता स्वतः वाचून पाहावा.

शोरूममध्ये बसल्यावर

एका शोरूमवर थांबू नये. सांगलीच्या खरेदीदाराने कोल्हापूरचेही कोटेशन आणावे, भिवंडीच्या माणसाने ठाणे-कल्याणचे. पैसे रोखीने देणार की कर्जाने, हे सुरुवातीला सांगू नये. कर्ज मिळवून दिल्याबद्दल शोरूमला कमिशन मिळते, त्यामुळे रोखीच्या गिऱ्हाइकाला सूट जास्त मिळेलच असे नाही. आधी गाडीचा भाव पक्का करावा, मग भरण्याची रीत बोलावी. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा सौदा वेगळा ठेवावा. नव्यात सूट आणि जुन्यात कपात, असे एकत्र झाले की हिशेब लागत नाही.

डिसेंबरात चालू वर्षाचा माल काढण्यासाठी सूट वाढते आणि बऱ्याच कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात. पण डिसेंबरात घेतलेली गाडी पंधरा दिवसांत गेल्या वर्षाची होते, आणि विकताना बाजार निर्मितीचे वर्ष पाहतो. पाच-सात वर्षे गाडी ठेवणाऱ्याला ही सूट फायद्याची, लवकर विकणाऱ्याला नाही.

चाचणीसाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एकट्याने फिरवून भागत नाही. घरची चार माणसे बसवून, चढावर आणि गर्दीत चालवावी. माल न्यायचा असेल तर नेहमीच्या खोक्याचे माप टेपने घेऊन जावे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात मोटारींना धडक-चाचणीचे तारे दिले जातात. आपल्या मॉडेलला किती तारे, हे विचारायला लाजू नये.

बुकिंगची रक्कम शोरूमच्या खात्यातच भरावी, सेल्समनच्या मोबाइलवर नव्हे. मॉडेल, रंग, भाव, मोफत वस्तू, गाडी देण्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी शब्दाचा सेल्समन महिनाभरात दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये.

ताबा घेताना

शेवटची रक्कम भरण्यापूर्वी आणि नोंदणी होण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहावी. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. चॅसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावे अक्षर वर्षाचे असते. ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते, ते जुळवून पाहावे. टायरवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. गाडी किती किलोमीटर चाललेली आहे, रंग कोठे पुन्हा मारला आहे का, पावसाळ्यात घेत असाल तर पायपुसण्याखाली ओल किंवा वास आहे का, हे पाहावे. एकदा नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणे फार कठीण.

नोंदणी, तात्पुरती का होईना, झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ताब्यात देऊ नये असा नियम आहे. आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मुहूर्त साधण्यासाठी किंवा ईदच्या आदल्या रात्री घाईने विनानंबर गाडी आणू नये. बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, विम्याची पॉलिसी, कराची पावती आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्याव्यात.

जुनी गाडी शोरूमला दिली असेल तर ती दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. कोणीतरी तिसऱ्याने केलेल्या अपघाताची नोटीस आपल्या दारी येऊ नये.

एवढे करूनही फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असे आपल्या लोकांना सांगून परत पाठवले जाते. ते अर्धसत्य आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला गाडी घेतलेला कारागीर कायद्याने ग्राहकच ठरतो.

मालाच्या एका गठ्ठ्यात चार आण्यांचा फरक पडला तर आपले व्यापारी तासभर बोलतात. सात-आठ लाखांच्या गाडीसाठी तेवढाच वेळ घरी वही घेऊन बसावे, ही आमची विनंती आहे. हिशेब मांडून गाडी परवडत असेल तर जरूर घ्यावी. परवडत नसेल तर आणखी दोन वर्षे टेम्पोच्या भाड्यावर काढावीत. भांडवल शाबूत असले की शोरूम केव्हाही उघडीच असते.